तीन ओट्यांची परवानगी

राग मुखरू बोरकुटे सरांना येत नसे, तो त्यांच्याकडे राहायलाच होता. मूल गावच्या शाळेत एकोणतीस वर्षं मराठी शिकवताना त्यानं सरांना सोबत केली, हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या तेव्हा नागपूरच्या दवाखान्यातही तो उशाशी होता, आणि यंदाच्या मार्च महिन्यात तो त्यांच्या पाठीवर तंबू देऊन त्यांना थेट धानोऱ्याच्या बाजूच्या जंगलात घेऊन गेला. कशासाठी, तर वाटीभर गरम ओट्ससाठी. ऐकणाऱ्याला हसू येतं. सरांना अजून आलेलं नाही.

झालं असं, की पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा अश्विन जेवता जेवता म्हणाला, बाबा, निवृत्तीला चार महिने उरले, आता हे घर काढून टाकू आणि तुम्ही दोघं पुण्याला या, अकराव्या मजल्यावर छान हवा येते. सरांनी विचारलं, इथे काय हवा यायची बंद झाली आहे? मग अश्विननं हवेचा विषय सोडला आणि मुद्द्यावर आला. बाबांना साधा चहा करता येत नाही. डॉक्टरांनी सकाळी साडेसातच्या आत गरम ओट्स सांगितलेत, ते आई करते म्हणून पोटात जातात. उद्या आईला काही झालं, तर बाबा दोन दिवस टिकायचे नाहीत.

सर ताटावरून उठले. उठता उठता म्हणाले, दोन नाही, तीन दिवस टिकून दाखवतो, आणि घरात नाही, जंगलात, तंबूत, रोज सकाळी स्वतःच्या हातानं करून खाऊन. रागात बोललेलं शहाणा माणूस सोडून देतो. पण अश्विन कंपनीत नोकरीला, त्यानं ते तिथल्या तिथे मोबाइलवर टिपून घेतलं आणि वर अटी घातल्या. तीन सकाळी, साडेसातच्या आत, वाफ दिसेल असा फोटो. तिन्ही जमल्या तर घराचा विषय कायमचा बंद. एक जरी हुकली तर जूनमध्ये सामान बांधायचं. पंच कोण, तर आई. नीलिमाबाई तेव्हा भाजी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, बरं, मी पाहीन.

दुसऱ्या दिवशी सरांनी गच्चीवर सराव सुरू केला. पहिल्या दिवशी ओट्स करपले, दुसऱ्या दिवशी उतू गेले, आणि तिसऱ्या दिवशी ते नुसतेच गरम पाण्यात बसून राहिले, शिजायला तयार होईनात. गच्चीवर धूर दिसला की गल्लीत बातमी जाते. शेजारचे धनराजभाऊ लगेच जिना चढून आले. धनराजभाऊंची धानाची मिल, त्यामुळे त्यांना हा प्रकार घराण्याचा अपमान वाटला. त्यांनी भांड्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "सर, तांदळाच्या गावात राहून घोड्याचा चारा खाऊन राह्यले तुमी? काऊन?"

सरांनी डॉक्टरांचं नाव सांगितलं. धनराजभाऊंनी त्या डॉक्टरांचं गाव विचारलं, आणि ते धानाच्या पट्ट्यातले नाहीत हे कळल्यावर त्यांचं समाधान झालं. पण सल्ला दिल्याशिवाय ते उतरणाऱ्यातले नव्हते. याला मोहरीची फोडणी द्या, म्हणाले. समोरच्या पेंटरनं गच्चीवरूनच ओरडून सांगितलं की हळद टाका. कोपऱ्यावरच्या शिक्षिकाबाईंनी, ज्यांनी जन्मात ओट्स पाहिले नव्हते, ते आधी तुपावर परतून घ्यायला सांगितलं. सरांच्या स्प्रिंगा तुपापासून वाचवण्यासाठीच तर हे सारं चाललं होतं, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. आजारी माणसाला सल्ला देताना त्याचा आजार विचारात घ्यायचा नसतो, असा आपल्याकडे रिवाजच आहे.

जाता जाता धनराजभाऊंनी खरी काडी टाकली. उन्हाळ्यात जंगलात आग पेटवायला बंदी असते, वणव्याचे दिवस आहेत, पकडलं तर सरळ आत टाकतात, म्हणाले. झालं. सर कायद्यानं चालणारे. आयुष्यात कधी रांग मोडली नाही आणि दुसऱ्यानं मोडली तर त्याचं घर येईपर्यंत त्याला सोडलं नाही. त्यांनी ठरवलं, रीतसर परवानगी काढायची.

आता इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. 'ओट्स' हा शब्द सरांना मान्य नव्हता. शेवटचा 'स' हा इंग्रजी अनेकवचनाचा. परका शब्द मराठीत आला, तर त्यानं मराठीच्या रीतीनं राहावं असा त्यांचा दंडक होता. 'बसेस' लिहिणाऱ्या पोरांचे त्यांनी मार्क कापले होते. तेव्हा एकवचन ओटा, अनेकवचन ओटे, घोडा-घोडे तसं. ओटा म्हणजे आपण बसतो तो चौथरा, हे नीलिमाबाईंनी दाखवून दिलं. सर म्हणाले, मराठीत 'कर' म्हणजे हात, 'कर' म्हणजे पट्टी आणि 'कर' म्हणजे काम कर, म्हणून कुणी हात कापून पट्टी भरली का? अर्थ संदर्भानं लागतो. नीलिमाबाई आत गेल्या. त्या घरात व्याकरणाचे वाद नेहमी असेच मिटत.

सरांनी अर्ज लिहिला तो असा: 'प्रकृतीच्या कारणास्तव मला आपल्या वनक्षेत्रात, कुसुमटोल्यालगतच्या नाल्याकाठी, रोज सकाळी एक याप्रमाणे तीन ओटे तयार करावयाचे आहेत. त्याकरिता अल्प प्रमाणात अग्नी लागेल. तरी परवानगी मिळावी.' अक्षर मोत्यासारखं. तीन प्रती. कार्यालय कोणतं ते सांगत नाही, कारण त्या बिचाऱ्यांचा दोष कमीच होता. तिथल्या लिपिकानं अर्जावर शिक्का मारला आणि आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं.

आठ दिवसांनी सर गेले तर हातात पत्र पडलं. नियोजित तीन ओट्यांची लांबी, रुंदी, उंची कळवावी. बांधकाम साहित्य कळवावे. प्रयोजन धार्मिक आहे किंवा कसे ते कळवावे. आणि अर्जात उल्लेखिलेल्या अग्नीत विटा जागेवरच भाजणार काय, याचा खुलासा करावा.

दुसरा कुणी असता तर इथे त्याचा हात डोक्यावर गेला असता. सरांचा पेनकडे गेला. त्यांना वाटलं, शासन चुलीचं माप मागत आहे, आणि विटांचा प्रश्न छापील नमुन्यात असेल. तरी 'बांधकाम' या शब्दानं त्यांचं माथं भडकलंच. अन्नाला बांधकाम म्हणणाऱ्या खात्याला त्यांनी तिथेच बाकावर बसून उत्तर लिहिलं. 'लांबी-रुंदी भांड्याप्रमाणे. उंची चार बोटे, तयार झाल्यावर पाच. साहित्य: दूधभुकटी, पाणी, चिमूटभर मीठ. प्रयोजन: पोट. विटा भाजण्याचा माझा विचार नाही व कधीही नव्हता.' कार्यालयात त्यावर काय चर्चा झाली ते कळलेलं नाही. पण दूधभुकटी घालून केलेला ओटा पावसाळ्यात टिकणार नाही, एवढं त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात परवानगी मिळाली. 'सदर ओटे कच्च्या व तात्पुरत्या स्वरूपाचे असल्याने, क्षेत्रीय कर्मचाऱ्याच्या प्रत्यक्ष मोजमापाच्या अधीन राहून, हरकत नाही. विटा भाजण्यास मनाई आहे.' सरांनी ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून तंबूच्या वर ठेवलं. अश्विनला फोन करून सांगितलं की सरकारसुद्धा माझ्या बाजूनं आहे.

कुसुमटोल्याला लालसू राहत होता. सर नोकरीच्या पहिल्या वर्षी धानोऱ्याकडच्या एका वसतिगृहावर होते, तेव्हा लालसू तिथे स्वयंपाकी होता. सर एकटे जाणार असतील तर लालसूच्या हाकेच्या अंतरावर राहतील, ही नीलिमाबाईंची एकमेव अट. शुक्रवारी सर बसनं धानोऱ्याला उतरले आणि लालसूबरोबर नऊ किलोमीटर चालले. छाती ठीक होती, पण पाठीवरच्या पिशवीनं खांदे सोलून काढले. वाटेत जंगलभर मोहाचा वास भरून राहिला होता. लालसू म्हणाला, गुरुजी, चांगल्या दिवसात आले, पण आमी सारे फटफटताच मोहफुलं वेचाले जातो, सकाळी टोल्यात कोनी राहत नाई. सर म्हणाले, मला कुणी नकोच आहे.

शनिवारी सहाला सर तंबूतून बाहेर आले. पत्र्याची छोटी शेगडी मांडली, काटक्या रचल्या, पाणी ठेवलं. पाणी उकळलं. त्यात ओट्स टाकले, दूधभुकटी टाकली आणि ढवळायला लागले. गच्चीवर कधी जमलं नव्हतं ते इथे जमत होतं. भांड्यात बुडबुडे यायला लागले, वाफ निघाली. सरांनी खिशातून मोबाइल काढला, आणि तेवढ्यात पाचोळ्यात पावलं वाजली.

खाकी कपड्यात वनरक्षक दुर्गा येत होती. हातात मोजपट्टी, काखेत रजिस्टर. मागे लालसू आणि त्याची बायको सोमारी. त्या दोघांना तिनं मोहाच्या झाडाखालून पंच म्हणून उठवून आणलं होतं, आणि त्यांची फुलं तिकडे गुरं खात असणार, हे दोघांच्याही चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. दुर्गा आदल्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या बाजूचा वणवा विझवून, सहा किलोमीटर चालून आली होती. तिथे जमलेल्या चौघांत न चिडलेलं असं कुणीच नव्हतं.

"ओटे कुठी आहेत, सर?" दुर्गानं विचारलं.

"हा काय, पहिला शिजतो आहे."

दुर्गानं भांड्याकडे पाहिलं, मग सरांकडे. सरकारी माणसाची मस्करी करणारे तिनं पुष्कळ पाहिले होते, पण त्यांच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत परवानगी नसायची. तिनं पत्र वाचलं, दोनदा वाचलं, आणि शेगडीखाली पाहिलं. शेगडीखाली वीतभर वाळका पाचोळा होता. खरं सांगायचं तर सरांची चूक तिथेच होती. व्याकरणाची जाऊ द्या, एक ठिणगी उडाली असती तर अर्धं जंगल गेलं असतं. दुर्गानं कमरेची बाटली काढली आणि शेगडीत ओतली. "परवानगी ओट्याची आहे, आगीची नाई," ती म्हणाली.

मग सरांचं प्रमाण मराठी सुटलं. "अवो बाई, आगीबिगर ओटा होते काय? तुमच्या हापिसाले मराठी समजत नाई तं मी काय करू?"

दुर्गा म्हणाली, मराठी समजतं म्हणूनच मोजपट्टी घेऊन आले. त्यावर सरांना आणखी राग आला. पत्र होतं, जागा होती, माणूस होता. मोजमाप केल्याशिवाय तिलाही परत जाता येत नव्हतं. तिनं पंचनामा लिहायला घेतला. 'स्थळी बांधकाम आढळून आले नाही. एका भांड्यात पांढरा चिकट पदार्थ आढळला. तोच ओटा असल्याचे अर्जदार सांगतो.' व्यास सात इंच, उंची चार बोटं. खुलाशात लिहिलेली उंची बरोबर निघाली, तेवढी एक गोष्ट सरांच्या बाजूची. हे सारं होईपर्यंत पाऊण तास गेला आणि भांड्यातला ऐवज थंड होऊन दगड झाला. सही करण्याआधी पंचानं वस्तू तपासायची म्हणून लालसूनं त्यावर बोटानं टकटक केली.

"गुरुजी," तो म्हणाला, "ओटा तं पक्का झाला."

सोमारी तोंडाला पदर लावून हसली. दुर्गासुद्धा रजिस्टरमध्ये मान घालून हसली. सर तंबूत गेले आणि चेन लावून बसले. माणसानं कसंही वागावं, पण सत्तावन्न वर्षांच्या शिक्षकाला त्याच्याच शब्दावरून हसू नये. त्यांना ते फार लागलं.

मोबाइलला रेंज टेकडीवरच मिळायची. सर टेकडी चढले आणि पहिली सकाळ हुकल्याचं फोनवर सांगितलं. अश्विननं सहानुभूती दाखवायला सुरुवात केली होती. तो म्हणाला, बाबा, एक हुकली म्हणजे संपलं, परत या, तब्येत महत्त्वाची. मूलहून नीलिमाबाईही त्याच फोनवर जोडलेल्या होत्या, त्या मध्येच बोलल्या. पंच मी आहे, म्हणाल्या. सरकारी अडथळा आला, तो धरायचा नाही. उरलेल्या दोन जमल्या तरी तुम्ही जिंकलात असं मी म्हणेन. सरांनी एकोणतीस वर्षांत एका पोराला अर्ध्या मार्काची सवलत दिली नव्हती, आणि आता त्यांनाच ग्रेस मिळाली होती. ते रागारागानं टेकडी उतरले. घर मात्र अजून हातात होतं.

दुर्गानं जाताना एक वाट दाखवली होती. गावठाणात, स्वच्छ सारवलेल्या जागेत चूल पेटवायला कुणाची ना नव्हती. सरांनी तंबू उचलून लालसूच्या अंगणात ठोकला. रविवारी सकाळी लालसू मोहावर गेला, सोमारी गुडघ्याला लागलं म्हणून मागे राहिली. सरांनी अंगणात तीन दगडांची चूल केली, आणि ओट्स इतके सुंदर शिजले की सरांना स्वतःचाच आदर वाटायला लागला. फोटो काढायला गेले तर फोटोत वाफ दिसेना. समोर दिसते, फोटोत नाही. सहा वेळा काढला. मग त्यांना सुचलं, व्हिडिओ कॉलच लावावा, पंचांना प्रत्यक्ष दाखवावं. म्हणून आधी टेकडीवर जाऊन अश्विनला जागं करावं, टेकडीच्या अर्ध्यावर एखादा दांडा रेंजचा मिळतो का पाहावं, मिळाला तर भांडं तिथे न्यावं. चुलीतली लाकडं मागे ओढून सर निघाले.

परत आले तेव्हा भांडं चुलीवरून खाली उतरवलेलं होतं. आतला ऐवज दुप्पट झाला होता, पाण्यासारखा पातळ, आणि सोमारी त्यात लाकडी पळी फिरवत होती. भांड्याला हात लावला तर गार. सोमारीनं समजावून सांगितलं, की गुरुजींना जावा करता येत नव्हता, फार घट्ट झाला होता, म्हणून तिनं दोन तांबे थंड पाणी घातलं. जावा म्हणजे पातळ आंबील. वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून जंगलात न्यायची, उन्हात गार गार प्यायची. गरम कोण पितं? सोमारीच्या दृष्टीनं तिनं वाया चाललेलं अन्न वाचवलं होतं. तिनं सरांना द्रोणात ओतूनही दिलं.

सरांच्या तोंडात जे आलं ते त्यांनी गिळलं. म्हातारीवर ओरडता येईना. आणि न ओरडता आलेला राग कुठे ठेवायचा हे त्यांना माहीत नव्हतं, कारण त्यांनी तो कधी ठेवलाच नव्हता. ते टेकडीवर गेले. अश्विन म्हणाला, संपलं ना आता? मध्येच नीलिमाबाईंचा आवाज आला, "उद्याची एक सकाळ जमली तरी मले चालते." अश्विन म्हणाला, आई, असं कसं, नियम बदलायचे नसतात. त्या म्हणाल्या, "पंच कोन आहे? तू आहे का?" फोन बंद झाला. सरांना वाटलं, बायकोला आपली दया आली. दया आली म्हणजे आपण संपलो. मूलचं घर, परसातलं सीताफळ, शाळेपर्यंतचा रस्ता, त्या रस्त्यावर नमस्कार घालणारी तीन पिढ्यांची पोरं, हे सारं एका भांड्यावर येऊन थांबलं होतं.

सोमवारी सर तांबडं फुटताच उठले. पाणी ठेवलं आणि चुलीपुढे मांडी घालून बसले. आज भांड्यावरून नजर काढायची नाही, असं ठरलेलं होतं. सोमारी तांब्या घेऊन जवळ आली; सरांनी दोन्ही हात भांड्यावर आडवे धरले. लालसू रामराम करायला आला, आणि मोहावर जायचं सोडून तिथेच थांबला. सरांनी मान हलवली नाही. शेजारची शेळी पिशवीतल्या दूधभुकटीत तोंड घालून निघून गेली. सरांनी तिला जाऊ दिलं. सव्वासातला दुर्गा आली. पंचनाम्याच्या तिसऱ्या प्रतीवर सही राहिली होती. तिनं रजिस्टर पुढे केलं. सर ढवळत राहिले. ती म्हणाली, सर, सही. सर म्हणाले, आधी ओटा.

दुर्गा खाली बसली. तिनं भांड्यात पाहिलं, वाफ पाहिली, मोबाइल धरून धडपडणारे सर पाहिले. शेवटी लालसूनं तिला सारी हकीकत सांगितली, घराची, पुण्याची, अकराव्या मजल्याची. दुर्गानं लालसूच्या घरातली काळी छत्री मागितली, उघडली आणि भांड्याच्या मागे धरली. "पंचनाम्यात धूर दाखवाचा असन तं मागं काळं धरा लागते," ती म्हणाली. काळ्या छत्रीपुढे वाफ चांगली हातभर उंच दिसली. फोटो तिनंच काढला. सात वाजून चोवीस मिनिटं.

सर टेकडी कशी चढले ते त्यांच्या डॉक्टरांना न कळलेलं बरं. फोटो गेला. अश्विनचा अंगठा आला. नीलिमाबाईंनी लिहिलं, 'छान. घरी या.' खाली येऊन सरांनी चौघांसाठी द्रोण भरले. दुर्गानं एक घास खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाली. सरांना त्याचाही राग आला नाही. पंचनाम्यावर त्यांनी मोत्यासारखी सही केली.

बसमध्ये त्यांनी भाषण तयार केलं. पहिला परिच्छेद अश्विनसाठी, माणसाला वस्तूसारखं उचलून अकराव्या मजल्यावर ठेवण्याविषयी. दुसरा डॉक्टरांसाठी. तिसरा नीलिमाबाईंसाठी, आणि तो जरा कडक होता, कारण दया दाखवणं सरांना मान्य नव्हतं. घरात पाऊल टाकलं तर हॉलमध्ये बॅग भरलेली. सरांची तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे जिंकूनही सामान बांधायचंच? त्यांनी पाठीवरची पिशवी आपटली आणि पहिल्या परिच्छेदाला सुरुवात केली. मी कुठेही जाणार नाही, म्हणाले, हे घर माझं आहे, मी माझं करून खाऊ शकतो, पुरावा मोबाइलवर आहे.

"माहीत आहे नं," नीलिमाबाई म्हणाल्या. "तुमी इथीच राहा. मी जाऊन राह्यली पुण्याले."

सरांचा दुसरा परिच्छेद पुढे सरकेना.

नीलिमाबाई बसल्या आणि त्यांनी सावकाश सांगितलं. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच करायला सांगितलं होतं. अश्विननं पुण्यात तारीख घेतली, दोनदा रद्द झाली, कारण यांना सोडून तीन महिने कसं राहायचं. लेकराला त्यांनी तेच सांगितलं, तर त्यानं तुम्हा दोघांना इकडे आणतो म्हणून घर विकायचं काढलं. त्यांना घर विकायचं नव्हतंच. त्यांना फक्त जायचं होतं. लग्न झाल्यापासून त्या बहिणीकडेसुद्धा आठ दिवस सलग राहिल्या नव्हत्या, कारण चौथ्या दिवशी सरांचा फोन यायचा, मिठाचा डबा कुठे आहे. "तुमी हरले असते तं मले एकटीले जाता आलं नसतं," त्या म्हणाल्या. "म्हनून सवलत देऊन राह्यली होती. दया नाई."

सकाळी फोटो आल्याबरोबर त्यांनी तिकीट काढायला सांगितलं होतं. उद्याची नागपूरची बस, तिथून पुण्याची गाडी.

सर रात्रभर चिडायचा प्रयत्न करत होते. अश्विनवर चिडावं तर तो आईचं ऐकत होता. हिच्यावर चिडावं तर दोन वर्षं गुडघे हिचे दुखत होते, आणि आपण त्याच गुडघ्यांनी जिना चढवून गच्चीवर पाणी मागवलं होतं. राग होता, भरपूर होता, आणि तो फिरून फिरून एकाच माणसाकडे येत होता. ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

सकाळी मूलच्या बसथांब्यावर धनराजभाऊ बॅग चढवायला आले होते. नीलिमाबाईंना खिडकीची जागा मिळाली. त्यांनी हिरवी नवी साडी नेसली होती आणि त्या खूश दिसत होत्या. इतक्या खूश सरांनी त्यांना पूर्वी कधी पाहिलं होतं, ते आठवेना. सर खिडकीखाली उभे राहिले. भाषणातलं एकही वाक्य त्यांना सापडेना. बस सुरू झाली तेव्हा ते खिडकीच्या गजाला धरून म्हणाले, "मले वरन येत नाई करता."

"माहीत आहे," नीलिमाबाई म्हणाल्या. "म्हनून तं मी जाते हे आधी सांगितलं नाई."

बस निघाली. धनराजभाऊंनी विचारलं, बाई परत कधी येणार. सरांना ते विचारायचं राहूनच गेलं होतं.